निर्णायक स्थितीचं इंजिन-विश्लेषण: आकड्यावरून कारणापर्यंत कसं पोचायचं

स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली शोधून देणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवरही ते कुठल्याही जगज्जेत्याला हरवेल. १९९७ साली डीप ब्लूने तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोवला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं, त्यासाठी आयबीएमला खास महासंगणक उभारावा लागला होता. आता त्याहून कितीतरी बलवान इंजिन खिशातल्या फोनवर चालतं. तरीही डाव संपल्यावर रोज इंजिन लावणारे कितीतरी खेळाडू वर्षानुवर्षं त्याच रेटिंगवर अडकून पडलेले दिसतात.

कारण ते इंजिनाला एकच प्रश्न विचारतात: इथे सर्वांत चांगली चाल कोणती? उत्तर दोन सेकंदांत येतं, आपण मान डोलावतो आणि पुढच्या डावात तशीच वेळ आली की पुन्हा अडखळतो. खेळाडूच्या कामाचा प्रश्न असतो ‘ही चाल का?’ आणि त्याचं उत्तर इंजिन देत नाही. ते फक्त चाली आणि आकडे दाखवतं; त्यांमागचं कारण आपणच त्यातून काढून घ्यायचं असतं. ते कसं काढायचं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

स्थिती कोणती निवडायची

संपूर्ण डाव इंजिनातून गाळून काढण्यापेक्षा एकच स्थिती नीट तपासलेली बरी. मात्र मूल्यांकनाच्या, म्हणजे कोण किती बरा हे सांगणाऱ्या आकड्याच्या, आलेखात जिथे कडा कोसळल्यासारखी दिसते, तीच निर्णायक स्थिती असं समजू नका. तिथे फक्त चुकीची वसुली झालेली असते. मूळ गडबड बऱ्याचदा पाच-सहा चाली आधीची असते: वजिरांची अदलाबदल करून तुम्ही एका वाईट एंडगेममध्ये (थोडी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) शिरलात, किंवा मधली प्यादी बंद करून स्वतःचाच उंट कोंडलात. तेव्हा आलेख जेमतेम हलला असेल.

म्हणून खुणेची स्थिती अशी शोधा: जिथे निर्णय परत फिरवता येणार नव्हता. प्यादं पुढे ढकलणं, मोठी मारामारी, किल्लेकोटाची बाजू ठरवणं, सगळी मोहरी मारून प्याद्यांच्या एंडगेममध्ये उतरणं. घड्याळाच्या नोंदी असतील तर त्याही पाहा. जिथे तुम्ही सर्वाधिक वेळ घेतलात ती जागा बहुधा तपासण्याजोगी असते. आणि जिथे वेळ घ्यायला हवा होता पण पटकन खेळून मोकळे झालात, ती तर हमखास.

इंजिन लावण्याआधी

हा टप्पा सगळे गाळतात, आणि माझ्या मते अर्धा फायदा इथेच आहे. इंजिन बंद ठेवा आणि वीस मिनिटं स्थितीकडे बघून तीन गोष्टी लिहून काढा. तुमच्या मते कोण बरा आहे आणि कशामुळे, तेही शब्दांत, आकडा नको. तुम्हाला सुचणाऱ्या तीन-चार चाली, प्रत्येकीपुढे प्रतिस्पर्ध्याचं तुम्हाला अपेक्षित असलेलं उत्तर. आणि एक अशी चाल, जी खेळावीशी वाटली पण भीती वाटली म्हणून सोडली.

ही शेवटची नोंद फार मोलाची. भीती खरी होती की उगाचच होती, हे इंजिनाकडून अगदी अचूक कळतं. पण आधी लिहिलेलं नसेल, तर उत्तर दिसल्यावर ‘मला हेच वाटलं होतं’ असं मन बेमालूम सांगू लागतं.

मांडणी आणि सेटिंग

शक्यतो पूर्ण डावाची पीजीएन फाइल (सगळ्या चाली नोंदलेली मजकूर-फाइल) चढवा आणि हव्या त्या चालीवर थांबा. नुसती स्थिती मांडली तर तीन गोष्टी हरवू शकतात: किल्लेकोटाचा हक्क शिल्लक आहे का, आं-पासां (दोन घरं पुढे आलेलं प्यादं वाटेतच) मारता येतं का, आणि स्थितीची पुनरावृत्ती किंवा पन्नास चालींची मोजणी कुठवर आली आहे. पहिल्या दोन गोष्टी एफईएनमध्ये, म्हणजे स्थिती एका ओळीत लिहिण्याच्या पद्धतीत, लिहिता येतात, पन्नास चालींचा आकडाही बसतो, पण कोणती स्थिती आधी किती वेळा आली हे एफईएनला ठाऊक नसतं. सततच्या शहाने बरोबरी साधायची असेल तर नेमका हाच फरक पडतो. हाताने मांडताना आणखी एक सवय ठेवा: चाल कोणाची आहे, हे दोनदा तपासा.

ब्राउझरमधलं इंजिन पहिल्या नजरेसाठी पुरेसं आहे. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाचा विश्लेषण-पट विनामूल्य आहे आणि नोंदणीशिवायही चालतो. पण एकाच स्थितीवर अर्धा तास घालवायचा असेल तर संगणकावर स्टॉकफिश उतरवून अरेना, स्किड किंवा एन क्रॉसांसारख्या प्रोग्रॅममध्ये जोडा. इंजिन आणि हे प्रोग्रॅम यूसीआय ही सामायिक भाषा बोलतात, त्यामुळे जोडणीत फारशी कटकट नसते. फोनवर लांब विश्लेषण टाळा. यंत्र तापलं की वेग आपोआप उतरतो.

सेटिंगमध्ये तीनच गोष्टींकडे लक्ष द्या. थ्रेड, म्हणजे इंजिन एकाच वेळी चालवत असलेले शोधाचे धागे: प्रोसेसरच्या एकूण क्षमतेपेक्षा एक-दोन कमी, म्हणजे बाकीचा संगणक गोठणार नाही. हॅश, म्हणजे इंजिनाची कामचलाऊ स्मरणशक्ती: आठ जीबी रॅमच्या संगणकावर एक ते दोन जीबी ठीक. प्रत्यक्ष रॅमपेक्षा जास्त दिली तर वेग वाढायऐवजी कोसळतो. तिसरी, मल्टीपीव्ही, म्हणजे एकाच वेळी किती पर्याय दाखवायचे. सुरुवातीला तीन किंवा चार ठेवा. पर्याय वाढवले की खोली (इंजिन किती चाली पुढचं पाहतं ते) गाठायला वेळ जास्त लागतो, पण निर्णायक स्थितीत पहिल्या आणि दुसऱ्या चालीतलं अंतर हीच मुख्य माहिती असते.

आकडा कसा वाचायचा

बहुतेक प्रोग्रॅममध्ये अधिक चिन्ह म्हणजे पांढरा बरा, उणे म्हणजे काळा बरा. काही ठिकाणी मात्र ज्याची चाल त्याच्या बाजूने आकडा दिला जातो, म्हणून एकदा खात्री करून घ्या.

पूर्वी अधिक १ म्हणजे साधारण एका प्याद्याचा फायदा, असा सरधोपट अर्थ असायचा. डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या स्टॉकफिश १५.१पासून हे मोजमाप बदललं. आता अधिक १ म्हणजे तोडीस तोड इंजिनाविरुद्ध जिंकण्याची शक्यता निम्मी. हे इंजिन विरुद्ध इंजिन आहे, लक्षात घ्या. तुमच्या आमच्या पातळीवर अधिक ०.३ आणि अधिक ०.५ यांत काडीचाही फरक नाही, आणि त्यावरून डोकं फोडणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय. प्रोग्रॅममध्ये जिंकणं-बरोबरी-हरणं यांची टक्केवारी दाखवण्याची सोय असेल तर ती चालू करा. तिच्यावरून स्थिती शांत आहे की पेटलेली, ते अधिक कळतं.

सगळ्यांत फसवा आकडा म्हणजे शून्य. एक शून्य असतं ते मेलेल्या स्थितीचं: दोन्हीकडे उंट आणि चार-चार प्यादी, काहीही खेळा. दुसरं शून्य असतं ते दोरीवरच्या कसरतीचं: एका बाजूला अचूक सहा चाली सापडल्या तर बरोबरी, एक चुकली तर मात. दोन्ही पडद्यावर ०.०० असेच दिसतात. फरक ओळखायला इंजिनाने दाखवलेल्या पर्यायांतली दुसरी आणि तिसरी ओळ पाहा. पहिली ०.०० आणि दुसरी उणे ४ असेल तर ती एकमेव चाल आहे. चारही ओळी शून्याजवळ असतील तर निर्धास्त राहा.

खोलीच्या आकड्याचंही तसंच. स्टॉकफिशने ‘खोली ४०’ लिहिलं म्हणजे त्याने चाळीस अर्ध्या चालींपर्यंतच्या (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धी) सगळ्या फांद्या बघितल्या असं मुळीच नाही. बहुतेक फांद्या ते वाटेतच छाटतं. लीला चेस झीरो या दुसऱ्या इंजिनाचं शोधण्याचं तंत्रच वेगळं, त्यामुळे तिच्या खोलीची स्टॉकफिशशी तुलना करू नये. थांबायचं कधी? पहिली चाल बराच वेळ तीच राहिली आणि आकडा एका जागी स्थिरावला की. दाखवलेल्या लांबलचक ओळीतल्या सुरुवातीच्या पाच-सहा चालींवर भरवसा ठेवा. शेपटाकडच्या चाली इंजिनाने ओझरत्याच पाहिलेल्या असतात. आणि एकाहून अधिक थ्रेड वापरत असाल तर तीच स्थिती दुसऱ्यांदा लावल्यावर ओळ थोडी वेगळी आली, तर गोंधळून जाऊ नका. समांतर शोधात तसं होतंच.

पुढे जा, मागे या: एक स्थिती जवळून

आता हाताने करून बघण्याजोगी स्थिती. लिनारेस स्पर्धा, १९९८, टोपालोव (पांढरा) विरुद्ध शिरोव (काळा). पट मांडा.

पांढरा: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२ आणि एच४.
काळा: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६ आणि जी६.
चाल काळ्याची, डावातली ४७वी.

काळ्याकडे दोन प्यादी जास्त आहेत, पण उंट विरुद्ध रंगांच्या घरांवरचे. असे डाव बरोबरीत सुटायची दाट शक्यता असते. आधी इंजिन न लावता विचारा: काळ्याला काय हवंय? राजा ई४वर हवा, म्हणजे डीचं प्यादं पुढे सरकवता येईल आणि पांढऱ्या राजाला ई३वर येऊन वाट अडवता येणार नाही. ई६वरून ई४ला जायचं कसं? ई५वर सी३च्या उंटाचा मारा आहे. डी५वर स्वतःचं प्यादं. उरतं एफ५, आणि तिथे स्वतःचाच उंट बसलाय. म्हणजे उंट हलवा, राजा एफ५, राजा ई४: तीन चाली. पांढऱ्या राजाला जी१वरून एफ२ आणि ई३ गाठायला दोनच पुरतात.

आता एकाच ओळीवर स्टॉकफिश सुरू करा आणि त्याला पहिली चाल बदलायला किती वेळ लागतो ते पाहा. त्या काळच्या इंजिनांना शिरोवची खेळी सापडत नसे. मग पर्याय पाच करा. असं केलं की पटावरच्या स्थितीतल्या जास्त पहिल्या चालींकडे इंजिनाला गांभीर्याने बघावं लागतं, आणि एरवी मागे पडलेल्या चाली वर येऊ शकतात. तिसरी पायरी: खेळी स्वतः पटावर खेळा. उंट एच३!

उंट चक्क फुकट दिला. आता इंजिनाला विचार करू द्या, मग शिरोवच्या डावाप्रमाणे पुढे चला: ४८. जी-प्याद्याने एच३ मारलं, राजा एफ५. ४९. राजा एफ२, राजा ई४. ५०. उंटाने एफ६ मारलं, डी४. ५१. उंट ई७, राजा डी३. ५२. उंट सी५, राजा सी४. ५३. उंट ई७, राजा बी३, आणि टोपालोवने डाव सोडला. एकटा उंट ए आणि डी अशा दोन लांबच्या प्याद्यांना थोपवू शकत नाही.

प्रत्येक चालीवर थोडं थांबा, शेवटापर्यंत जा, आणि मग एकेक चाल मागे या. हे मागे येणं महत्त्वाचं. ओळीच्या टोकाला इंजिनाला जे कळलं ते हॅशमध्ये साठलेलं असतं, त्यामुळे मुळाशी परतल्यावर त्याचं मत अनेकदा बदललेलं दिसतं. एका जागी बसून तासभर खोली वाढवण्यापेक्षा अशी ये-जा जास्त फळते. म्हणूनच मधेच हॅश पुसून टाकायचा मोह टाळा.

आता ‘ही चाल का’ची पाळी: दुसऱ्या चाली का नाहीत? उंट जी४ खेळून बघा. एफ५ रिकामं झालं, पण पांढऱ्याला कसलाच धोका नाही. राजा एफ२, मग ई३, आणि वाट बंद. उंट ई४ खेळा. जी२वर हल्ला आहे खरा, पण राजा एफ२वर येऊन ते प्यादंही राखतो आणि पुढेही सरकतो, शिवाय ई४ हे मोक्याचं घर काळ्याच्याच उंटाने अडवलंय. मग उंट एच३वर पांढऱ्याने मारलंच नाही तर? ४८. राजा एफ२, राजा एफ५. ४९. राजा एफ३, आणि आता उंट शह देत जी२ मारतो. पांढऱ्या राजाला परत घ्यायला जी२वर जावं लागतं आणि तो ई४पासून दूर फेकला जातो.

शेवटी स्थितीच बदलून पाहा. पांढरा राजा जी१ऐवजी एफ२वर ठेवा, बाकी सगळं तसंच. उंट एच३, प्याद्याने मारलं, राजा एफ५, राजा ई३, आणि काळा राजा ई४वर पोचतच नाही. म्हणजे बलिदान चाललं ते पांढऱ्या राजाच्या एका घराच्या अंतरामुळे. असं एक मोहरं इकडचं तिकडे करून कारण जितकं स्वच्छ सापडतं, तितकं पन्नास ओळी वाचूनही सापडत नाही.

धमकी विचारून घ्या

स्वतःच्या डावात इंजिनाची चाल अगम्य वाटली, समजा वजीर एक घर मागे, तर प्रतिस्पर्ध्याची धमकी काय होती ते आधी पाहा. लिचेसच्या विश्लेषण-पटावर कळफलकावरचं ‘एक्स’ दाबलं की हे दिसतं. इतर प्रोग्रॅममध्ये स्थिती संपादित करून चाल दुसऱ्या बाजूला द्या. राजाला शह असेल तर हे चालत नाही, एरवी कुठेही चालतं. निम्म्या गूढ चालींचं गूढ इथेच संपतं: ती चाल तीन चालींनंतरच्या एखाद्या घोड्याच्या दुहेरी हल्ल्यावरचा उतारा असते.

त्यानंतर आधी लिहून ठेवलेली तुमची चाल खेळा. इंजिनाचं उत्तर लगेच पाहू नका. ओळी झाकून स्वतः शोधा, मग पडताळा. तुमची चाल फक्त ०.२ने मागे असेल तर ती चूक नाहीच, पुढे चला. उलट इंजिनाची पहिली चाल अधिक ०.९ देते पण पुढे लागोपाठ एकमेव चाली शोधाव्या लागतात, आणि दुसरी अधिक ०.६ देऊन शांत स्थितीत नेते, तर मी डोळे झाकून दुसरी शिकेन. घड्याळ चालू असताना पहिली निभावणार नाही.

इंजिनाचा शब्द कुठे तपासून घ्यावा

प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झाला असेल किंवा बचावाची भक्कम तटबंदी उभी असेल, तर इंजिन अधिक २ दाखवत राहू शकतं आणि प्रत्यक्षात घुसायला वाटच नसते. ओळखायची खूण सोपी आहे. ओळीवर पंधरा-वीस चाली पुढे जा. फायदा खरा असेल तर आकडा हळूहळू फुगतो. मोहरी नुसती येरझारा घालताहेत आणि आकडा तिथेच थिजलाय, तर शंका घ्या. झुगझ्वांगच्या, म्हणजे कुठलीही चाल केली तरी नुकसानच होईल अशा, स्थितींतही सावध राहा. शोध आखूड करण्यासाठी इंजिनं ‘समजा मी चाल सोडली तरी बरा असेन’ असा अंदाज वापरतात, आणि चाल करावी लागणं हेच जिथे संकट असतं तिथे तो अंदाज उलटतो. आजच्या इंजिनांत त्यावर उपाय आहेत, तरी अशा ठिकाणी वेळ जास्त द्यावा.

पटावर राजे धरून सात किंवा कमी मोहरी उरली असतील तर इंजिनाचं मत विचारूच नका, सिझिजी टेबलबेस (थोडी मोहरी असलेल्या स्थितींच्या निकालांचा साठा) पाहा. तिथे अंदाज नसतो, अंतिम निकाल असतो. सात मोहऱ्यांचा संच २०१८मध्ये पूर्ण झाला. तो सतरा टीबीच्या आसपास आहे, त्यामुळे घरी उतरवण्याच्या फंदात न पडता ऑनलाइन पाहावा. पाच मोहऱ्यांचा मात्र एक जीबीत मावतो. वरच्या शिरोवच्या स्थितीत दहा मोहरी आहेत, म्हणजे मुळाशी टेबलबेस उपयोगी नाही, पण शोधाच्या टोकाला मारामारी झाल्यावर तीच इंजिनाला हात देते.

तरीही समाधान झालं नाही तर दुसरं इंजिन लावा. लीला वेगळ्या घराण्यातली आहे, अल्फाझीरो या प्रोग्रॅमच्या धर्तीवर स्वतःशी खेळून शिकलेली. तिला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. दोन्ही इंजिनांचं एकमत झालं तर ठीक. मतभेद झाला तर नेमकं तेच घर, तीच चाल खोदायची. किंवा त्या स्थितीपासून इंजिनाला स्वतःशीच दहा-वीस झटपट डाव खेळायला लावा. सगळे एकाच बाजूने सुटले तर कल स्पष्ट होतो, आणि कोणती योजना पुन्हा पुन्हा येते तेही दिसतं.

हे सगळं डाव संपल्यावरच, हे सांगायला नको. पत्राने खेळायच्या बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयसीसीएफ, इंजिन वापरायला परवानगी देते. लिचेसवर मात्र अनेक दिवस चालणाऱ्या डावांतही ते निषिद्ध आहे. जिथे खेळता तिथला नियम आधी वाचा.

नोंद कशी ठेवायची

पीजीएनमध्ये इंजिनाची सगळी ओळ चिकटवू नका. मुख्य ओळ सहा-सात चालींवर तोडा, एक पर्यायी ओळ ठेवा, आणि आकड्याऐवजी एक वाक्य लिहा. शिरोवच्या स्थितीसाठी ते असं होईल: ‘राजाला ई४वर पांढऱ्याआधी पोचायचं होतं, म्हणून एफ५ रिकामं करताना उंटाने जी२वर हल्लाही केला.’ असं वाक्य सुचत नसेल तर विश्लेषण अपुरं आहे. पुन्हा धमकी बघा, पुन्हा मोहरं हलवून बघा.

त्याखाली तुम्ही इंजिन लावण्याआधी लिहिलेलं मतही जसंच्या तसं ठेवा, चुकलेलं असलं तरी. अशा दहा-बारा स्थिती साठल्या की ती मतं ओळीने वाचा. बचावात घाई, अदलाबदलीची हौस, राजाच्या बाजूचं प्यादं उगाच ढकलणं, जे काही असेल ते तिथे वारंवार दिसेल. स्थिती फक्त चित्राच्या रूपात वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा, उत्तराशिवाय, आणि काही आठवड्यांनी पुन्हा सोडवायला घ्या. चाल आठवली पण वाक्य आठवलं नाही, तर ती स्थिती त्याच फाइलमध्ये राहू द्या.